सात मिलिमीटरची किंमत

मुलांनो, आमच्या शाळेत शनिवारी गणवेशाला सुट्टी असते. एका शनिवारी सातवीतला एक मुलगा आठवडी बाजारातून आणलेला टी-शर्ट घालून आला. छातीवर एका भल्यामोठ्या इंजिनाचं चित्र, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, "३८३ स्ट्रोकर".

"बाई, हे ३८३ म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"बसचा नंबर असेल!" मागच्या बाकावरून उत्तर आलं. सगळा वर्ग हसला. मी म्हणाले, "उद्या सांगते." बाई 'उद्या सांगते' म्हणाल्या म्हणजे बाईंनाही येत नाही, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्यातून दुसऱ्या दिवशी रविवार! म्हणजे मला अभ्यासाला पुरता दीड दिवस मिळाला. तालुक्याच्या गावी एक लेथवाले काका आहेत. माझ्या जुन्या स्कूटरमुळे त्यांची माझी चांगली ओळख झाली आहे. (त्या स्कूटरची रडकथा पुढे येणारच आहे.) निम्मी गोष्ट त्यांनी समजावून दिली, निम्मी मी वाचून काढली. सोमवारी वर्गात सांगितली आणि मुलांना इतकी आवडली, की आता तुम्हालाही सांगते.

सायकलवर बसा, म्हणजे कळेल

इंजिन आतून कसं असतं ते पाहायला गॅरेजमध्ये जायला नको. सायकलवर बसा. पायडल मारताना तुमचा गुडघा काय करतो? वर येतो, खाली जातो. पायडल मात्र गोल फिरतं. गुडघ्याच्या वरखाली होण्याचं पायडलच्या गोल फिरण्यात रूपांतर कोण करतं? तुमची नडगी आणि पायडलचा लोखंडी दांडा. सायकलवाले त्या दांड्याला 'क्रँक' म्हणतात.

इंजिनातही हेच असतं. गुडघ्याच्या जागी पिस्टन, नडगीच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि खाली गोल फिरणारा क्रँकशाफ्ट. सिलिंडर म्हणजे एक गोल नळकांडं. त्यात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण पेटतं, पिस्टनला खाली ढकलतं, आणि क्रँकशाफ्ट फिरतो. सिलिंडरच्या व्यासाला 'बोअर' म्हणतात. पिस्टन सगळ्यात वरच्या टोकापासून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत जेवढा प्रवास करतो, तो 'स्ट्रोक'.

आता कल्पना करा, तुमच्या सायकलच्या पायडलचा दांडा कोणीतरी लांब केला. काय होईल? पायडल मोठ्या वर्तुळात फिरेल, गुडघा जास्त वर येईल आणि जास्त खाली जाईल. म्हणजेच स्ट्रोक वाढेल! इंजिनातला क्रँकशाफ्ट बदलून असा स्ट्रोक वाढवला, की त्या इंजिनाला म्हणतात 'स्ट्रोकर'. पिस्टनचा प्रवास वाढला की प्रत्येक फेरीत जास्त हवा आणि जास्त पेट्रोल आत येतं. जास्त इंधन जळतं, जास्त जोर मिळतो. आणि गंमत अशी, की बाहेरून इंजिन तेवढंच्या तेवढंच दिसतं. जुन्या गाडीत, जुन्याच जागी बसतं.

पण थांबा. लांब दांड्याच्या त्या सायकलवर आणखी काय होईल? गुडघा हँडलला आपटेल. वळणावर पायडल जमिनीला घासेल. हे दोन्ही धोके लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

भंगारातून निघालेली युक्ती

ही युक्ती अमेरिकेतल्या हौशी पोरांची. फोर्ड कंपनीने १९३२ साली स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरचं 'व्ही-८' इंजिन आणलं. काही वर्षांतच या मोटारी जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातली तरुण मुलं त्या घ्यायची, जादा पत्रे काढून हलक्या करायची, इंजिनात सुधारणा करायची आणि वाळवंटात कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवायची. अशा गाड्यांना नाव पडलं 'हॉट रॉड'. शर्यतींना शिस्त यावी म्हणून १९३७ साली तिथे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी संघटना केली. १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' निघाली. रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती थांबाव्यात आणि पोरांनी बंदिस्त धावपट्टीवर पळावं, हा तिचा एक मोठा हेतू होता.

या मुलांकडे पैसे बेताचे. मग त्यांनी भंगारवाल्याकडे शोध सुरू केला. फोर्डच्या त्या इंजिनाचा स्ट्रोक होता पावणेचार इंच. फोर्डच्याच घरातल्या 'मर्क्युरी' या मोठ्या गाडीत १९४९ पासून चार इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट आला. दोन्ही इंजिनं सख्ख्या भावंडांसारखी. मुलांनी थोरल्याचा क्रँक काढून धाकट्यात बसवला. पाव इंच स्ट्रोक वाढला!

आपल्या टी-शर्टवरचं ३८३ हे याच युक्तीचं शेवरोले कंपनीच्या इंजिनातलं रूप. शेवरोलेने १९५५ साली आटोपशीर आकाराचं एक व्ही-८ इंजिन काढलं आणि पुढे त्याच घराण्यात अनेक आकार काढले. १९६७ साली आलं ३५०, आणि १९७० साली ४००. हे आकडे आहेत घनइंचांचे. इंजिनातले सगळे पिस्टन मिळून एकूण किती जागा व्यापतात, ते हे आकडे सांगतात. ३५० ची इंजिनं गावोगाव पडलेली. ४०० च्या क्रँकचा स्ट्रोक मोठा. हौशी लोकांनी ४०० चा क्रँक ३५० मध्ये बसवला आणि सिलिंडर किंचित मोठं केलं. झालं ३८३! कंपनीने हे इंजिन काढलेलं नव्हतं, ते गॅरेजांमधून जन्माला आलं. पुढे मात्र शेवरोलेच्या मालकांनी, म्हणजे जनरल मोटर्सनेही, तयार ३८३ इंजिनं विकायला काढली.

पाटी-पेन्सिल घ्या

सिलिंडर म्हणजे आपली आठवीच्या पुस्तकातली वृत्तचिती. घनफळ = पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची. इथे उंची म्हणजे स्ट्रोक.

३५० इंजिनाचा बोअर १०.१६ सेंटिमीटर, म्हणून त्रिज्या ५.०८. स्ट्रोक ८.८४ सेंटिमीटर. गुणाकार करा. एका सिलिंडरचं घनफळ येतं सुमारे ७१७ घनसेंटिमीटर. सिलिंडर आठ, म्हणून एकूण सुमारे ५७३३.

आता ३८३. बोअर पाऊण मिलिमीटरने वाढवून १०.२३६ सेंटिमीटर केला. स्ट्रोक झाला ९.५२५. एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ७८४ आणि आठांचं सुमारे ६२७०.

फरक किती? ५३७ घनसेंटिमीटर! आपल्या रस्त्यांवरच्या ११० सीसीच्या जवळजवळ पाच स्कूटरची इंजिनं या इंजिनाच्या पोटात जादा मावली. त्यातली सुमारे ४५० ची वाढ एकट्या स्ट्रोकची आहे. आणि स्ट्रोक वाढला तरी किती? ८८.४ मिलिमीटरचा ९५.२५. म्हणजे जवळजवळ सात मिलिमीटर. तुमच्या करंगळीच्या नखाएवढा!

वर्गात इथपर्यंत आल्यावर टी-शर्टवाला मुलगा म्हणाला, "म्हणजे फक्त क्रँक बदलायचा? एवढंच?"

मुलांनो, या 'एवढंच'ने पुष्कळांना बुडवलंय. मलासुद्धा.

माझ्या स्कूटरची रडकथा

माझी शाळा तालुक्यापासून अठरा किलोमीटर. नोकरी लागल्यावर मी एक जुनी स्कूटर घेतली. काही दिवसांनी ती धूर सोडायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "बाई, इंजिनकाम निघालं. पिस्टन आणि बोअर करावं लागेल." मी पिस्टनची किंमत विचारली, बोअर करण्याची आणि मजुरी विचारली. तिन्हींची बेरीज केली. तेवढे पैसे माझ्याकडे होतेच, उलट थोडे उरत होते. म्हणून मी आधी काय केलं असेल? नवं सीट कव्हर घातलं आणि गाडीला छान निळा रंग देऊन घेतला!

मग इंजिन उघडलं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत होतं. व्हॉल्व झिजले होते. पॅकिंगचा पूर्ण सेट लागणार होता. ऑइल नवं. "उघडलंच आहे तर करूनच घ्या, बाई." तो खोटं बोलत नव्हता. झिजलेल्या बेअरिंगवर नवा पिस्टन बसवून काय उपयोग? पण माझे पैसे संपले होते. निळ्या रंगाची, नव्या सीटची माझी स्कूटर दोन महिने गॅरेजच्या कोपऱ्यात इंजिनाशिवाय उभी राहिली.

त्या दोन महिन्यांत मी एस.टी.ने शाळेत येत होते. पहिली एस.टी. साडेदहाला पोचायची. शिष्यवृत्तीच्या मुलांचा सकाळी आठचा माझा जादा तास दोन महिने झाला नाही. मुलं पहिले काही दिवस आठ वाजता येऊन व्हरांड्यात बसून राहायची. मग यायची बंद झाली. स्कूटरचा खर्च मी नंतर वहीत मांडला. पण त्या बुडालेल्या तासांचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून आता ३८३ ची वही नीट उघडूया.

एक ओढलं की दहा येतात

स्ट्रोक सात मिलिमीटरने वाढला, म्हणजे पिस्टन वर साडेतीन मिलिमीटर जास्त जाणार आणि खालीही साडेतीन मिलिमीटर जास्त येणार. वर जागा आहे का? बेरीज करून पाहा. क्रँकच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत तीन लांब्या येतात : अर्धा स्ट्रोक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनच्या खिळीपासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंची.

३५० मध्ये : ४४.२ + १४४.८ + ३९.६ = २२८.६ मिलिमीटर.

ब्लॉकची उंची तर बदलत नाही. मग ३८३ मध्ये अर्धा स्ट्रोक ४७.६ झाला, रॉड तोच १४४.८ ठेवला, तर पिस्टनला किती उरले? ३६.२! ४७.६ + १४४.८ + ३६.२ = २२८.६. म्हणजे जुने पिस्टन चालणार नाहीत. खिळीचं भोक जवळजवळ साडेतीन मिलिमीटर वर असलेले नवे आठ पिस्टन हवेत. सायकलवरचा 'गुडघा हँडलला आपटतो' तो हा धोका.

आता 'पायडल जमिनीला घासतं' तो धोका. मोठ्या वर्तुळात फिरणाऱ्या रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला घासू शकतात. वरच्या बाजूला ते कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या, जवळ जातात. म्हणून ब्लॉक जागोजागी घासून मोकळा करावा लागतो. फिरत्या भागाभोवती निदान सव्वा ते दीड मिलिमीटर फट ठेवतात.

शिवाय ४०० चा क्रँक ब्लॉकमध्ये ज्या बेअरिंगवर टेकतो, तिथे त्याची जाडी ६७.३ मिलिमीटर, आणि ३५० च्या ब्लॉकमध्ये जागा ६२.२ ची. म्हणून जुन्या काळी तो क्रँक मशीनवर घासून पाच मिलिमीटर बारीक करावा लागे. आता ३५० मध्ये नीट बसेल असा मोठ्या स्ट्रोकचा नवा क्रँकच बाजारात तयार मिळतो.

पुढे दाबाचा प्रश्न. पिस्टन वर पोचल्यावर डोक्यावर उरलेली जागा समजा ८० घनसेंटिमीटर आहे. ३५० मध्ये ७१७ आणि ८० मिळून ७९७ घनसेंटिमीटर मिश्रण ८० मध्ये दाबलं जातं. म्हणजे जवळजवळ १० पट. ३८३ मध्ये ७८४ आणि ८० मिळून ८६४, म्हणजे १०.८ पट. दाब फार वाढला की साधं पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिन आतून ठोके देतं. त्याला 'नॉकिंग' म्हणतात. त्याने पिस्टनला भोकसुद्धा पडतं. मग एक तर कायम महागडं पेट्रोल घाला, नाहीतर माथ्याला वाटीसारखा खोलगट भाग असलेले पिस्टन घ्या, म्हणजे उरलेली जागा वाढेल.

आणि वेग? मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा थांबून उलट फिरतो. म्हणजे एका सेकंदात २०० वेळा! ३५० चा पिस्टन या गतीला सेकंदाला सरासरी १७.७ मीटर धावतो, ३८३ चा १९. प्रत्येक थांब्याला रॉडला हिसका बसतो, आणि स्ट्रोक वाढला की हिसकाही वाढतो. म्हणून रॉड आणि त्यांचे बोल्ट भरवशाचे हवेत. स्वस्तातला एक बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग सगळंच भंगारात.

शेवटी श्वास. मोठ्या छातीच्या माणसाला नाकावर रुमाल बांधून पळायला लावलं तर काय होईल? मोठ्या झालेल्या इंजिनाला हवा देणारं हेड, व्हॉल्व, कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर नेणारे पाइप जुनेच अरुंद ठेवले, तर वरच्या गतीला ते धापा टाकतं.

पाहिलंत? ओढला एक धागा, उसवलं सगळं पोलकं!

आधी वही, मग वस्तू

हे इंजिन बांधणारे जाणते लोक काय करतात, ते आता पाहू.

सगळ्यात आधी ते एक प्रश्न विचारतात : हे इंजिन कशासाठी? रोज गावात फिरायला, जड गाडी ओढायला, की पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ धावपट्टीवर पळायला? प्रत्येकाचं उत्तर वेगळं, म्हणून वस्तूही वेगळ्या. रोजच्या गाडीला कमी गतीला भरपूर जोर लागतो. तिथे शर्यतीचा कॅमशाफ्ट घातला तर सिग्नलला गाडी धड उभीही राहत नाही. हा प्रश्न न विचारता जो खरेदीला निघतो, तो दुकानदाराची यादी घेऊन परत येतो.

दुसरं, एकही नवी वस्तू घ्यायच्या आधी जुना ब्लॉक तपासतात. ही तपासणी मोठी गमतीची असते. धुऊन स्वच्छ केलेल्या ब्लॉकला चुंबकीय करतात आणि त्यावर लोखंडाचा बारीक कीस टाकतात. कुठे डोळ्यांना न दिसणारी चीर असेल, तर कीस तिथे रेघ धरून चिकटतो. सिलिंडरच्या भिंतीची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात. ब्लॉक चिरलेला निघाला तर? तर तपासणीचेच पैसे गेले, बाकीचे वाचले. ब्लॉक न तपासता ज्याने चकचकीत वस्तू आणून ठेवल्या, त्याची गत माझ्या निळ्या स्कूटरसारखी.

तिसरं, ते पूर्ण यादी करतात. दिसणाऱ्या वस्तू सगळ्यांना आठवतात. न दिसणाऱ्या कामांचे पैसे मात्र विसरतात. सिलिंडर मोठं करणं, आतून घासून गुळगुळीत करणं, ब्लॉकचा माथा सपाट करणं, आणि तोल साधणं. हा तोल फार महत्त्वाचा. आठही पिस्टन आणि रॉड वजन करून सारखे करतात, आणि क्रँकची वजनं त्यांच्याशी जुळवतात. नाहीतर इंजिन गिरणीसारखं थरथरतं. ३५० च्या जुन्या क्रँकचा तोल त्याच्या स्वतःच्या अंगात होता. ४०० चा तोल मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या जादा वजनांनी साधलेला होता. म्हणून ४०० च्या जातीचा क्रँक घेतला, की त्याच्या जोडीची पुढची चकती आणि मागचं फ्लायव्हीलही घ्यावं लागतं. यादीत हे लिहिलं नाही, तर शेवटच्या दिवशी काम अडतं.

चौथं, ते राखीव पैसे आधी बाजूला काढतात. आपण खेळातले १०० मणी घेऊ आणि वही मांडून पाहू. हे काही बाजारभाव नव्हेत हं, मांडणी कशी करायची ते कळावं म्हणून घेतलेले आकडे आहेत.

क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग : २४
मशीनवरची कामं, तपासणी, तोल : १४
हेड : १८
कॅमशाफ्ट आणि व्हॉल्वचं सामान : ७
कार्ब्युरेटर आणि हवेचे पाइप : ७
पॅकिंग, बोल्ट, ऑइल पंप, ऑइल : ६
पुढची चकती, फ्लायव्हील : ४
एकूण : ८०
राखीव : २०

हातात १०० असतील तर यादी ८० ची करायची. उलटं नाही! ज्याची यादीच १०० ची झाली, त्याने इंजिन थोडं साधं करावं किंवा आणखी काही महिने पैसे साठवावेत. इंजिन उघडून ठेवून वाट पाहण्यापेक्षा न उघडता वाट पाहिलेली बरी.

पाचवं, एकदा खोटं-खोटं जोडून पाहतात. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती ठेवतात, तुम्ही चित्रकलेच्या तासाला खेळता तशीच. हेड बसवतात, इंजिन हाताने हळूच फिरवतात आणि पुन्हा उघडतात. मातीवर व्हॉल्वचा ठसा उमटलेला असतो. तिथे मातीचा थर किती जाड उरला ते मोजलं, की व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यात किती फट आहे ते कळतं. चिमूटभर मातीने केवढं मोठं नुकसान टळतं!

आणि सहावं, ते इंजिनाबाहेर पाहतात. जोर वाढला की गिअर, मागचा आस, इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर, टायर आणि ब्रेक यांना तो पेलायला हवा. जास्त पळणाऱ्या गाडीला आधी जास्त चांगलं थांबता आलं पाहिजे. हा खर्च इंजिनाच्या वहीत नसतो, पण खिसा एकच असतो.

एवढं सगळं मांडल्यावर हिशेबाची एक हुशारीही दिसते. जुनं ३५० झिजलंच असेल, तर बोअर, पिस्टन, बेअरिंग, पॅकिंग हा खर्च कसाही येणारच. त्याच वेळी मोठा क्रँक घातला तर वरचा खर्च थोडाच. धडधाकट इंजिन उघडून हेच केलं तर तो सगळा नवा खर्च. वहीत दोन्ही बाजूंच्या बेरजा शेजारी-शेजारी मांडल्या, की निर्णय आपोआप समोर येतो. कधी-कधी तर असंही दिसतं, की तयार इंजिन विकत घेणंच स्वस्त. तसं दिसलं तर मुकाट्याने मान्य करावं. वही खोटं बोलत नाही.

एक गोष्ट थोरल्या मुलांनी आणि पालकांनीही लक्षात ठेवावी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या गाडीच्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तेव्हा दादाच्या मोटारसायकलवर प्रयोग नकोत!

करून पाहा

जाड पुठ्ठ्याची एक चकती कापा. मध्याला टाचणीने ती फळीवर अशी टोचा, की फिरेल. मध्यापासून ३ सेंटिमीटरवर एक भोक पाडा आणि त्यात १२ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी अडकवा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला काड्यापेटीचा आतला खण दोऱ्याने सैल बांधा. खणाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवा, म्हणजे तो सरळ रेषेत सरकेल. चकती फिरवा. खण किती सरकतो? ६ सेंटिमीटर! आता ४ सेंटिमीटरवर दुसरं भोक पाडा आणि पट्टी तिथे अडकवा. भोक एकच सेंटिमीटर सरकलं, खणाचा प्रवास कितीने वाढला? आणि खण आता पुढे कशाला आपटतो का, तेही बघा. तुम्ही तुमचा पहिला स्ट्रोकर बांधलात!

सोमवारी हे सगळं सांगून झाल्यावर टी-शर्टवाला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने वहीचं कोरं पान उघडलं. त्याच्या वडिलांनी त्याला जुनी सायकल दुरुस्त करून घ्यायला पाचशे रुपये कबूल केले होते, आणि तो त्यातून आधी घंटा आणि रंगीत झिरमिळ्या घेणार होता. पानावर त्याने लिहिलं : ब्रेकचे रबर, मागची ट्यूब, चेन, मजुरी. प्रत्येकापुढे किंमत विचारून लिहायला जागा सोडली. सगळ्यात खाली एक रेघ मारली आणि लिहिलं, 'राखीव शंभर'.

"आणि घंटा?" मी विचारलं.

"उरले तर, बाई."

माझा शिष्यवृत्तीचा तास आता रोज सकाळी आठला असतो. स्कूटर निळीच आहे, सीट आता फाटलंय. पण पॅकिंगचा सेट आणि राखीव पैसे माझ्या कपाटात तयार आहेत.